भीतीची साइझ, सत्तावीस बाय चाळीस

ना किंकाळी, ना बॅकग्राउंड म्युझिक, ना करकरणारं दार. तरीही भिंतीवरचा एक कागद आपली तंतरवतो. हॉरर पोस्टरवाले नेमकं करतात तरी काय?

हॉरर सिनेमात घाबरायचे आपण रीतसर पैसे मोजतो. मल्टिप्लेक्सचं तिकीट, वर पॉपकॉर्न, आणि शेजारी बसलेल्याच्या दंडावर आपल्या नखांचे वण. पोस्टर मात्र फुकटात घाबरवतं. तुम्ही ऑफिसला निघालेले असता, कानात गाणी, डोक्यात प्रेझेंटेशन. सिग्नलला रिक्षा थांबते, समोरच्या भिंतीवर नजर जाते आणि पोटात एक छोटासा गोळा येतो. सिग्नल सुटतो, तुम्ही विसरताही. पण रात्री पाणी प्यायला उठलात की फ्रीजच्या उजेडात नेमकं तेच आठवतं!

हॉलिवूडमध्ये सिनेमाच्या स्टँडर्ड पोस्टरला 'वन-शीट' म्हणतात. रुंदी २७ इंच, उंची ४० इंच (जुन्या काळी ४१). म्हणजे साधारण घरातल्या एका खिडकीएवढा कागद. सिनेमाच्या हाताशी दीड-दोन तास असतात, डॉल्बी साउंड असतो, अंधार असतो. पोस्टरच्या हाताशी तुमचे दोन सेकंद असतात, तेही भर उन्हात. एवढ्या भांडवलावर घाबरवायचं म्हणजे खायचं काम नाही. पण गेली शंभर वर्षं ही मंडळी ते करतायत. आणि त्यांचे काही ठरलेले फंडे आहेत.

मेंदू आधी, आपण नंतर

सुरुवात सिनेमापासून नाही, आपल्या डोक्यापासून करू. मेंदूत बदामाच्या आकाराचा एक भाग असतो, अमिग्डाला. धोक्याची घंटा वाजवण्यात त्याचा मोठा वाटा. ही घंटा विचार पूर्ण व्हायची वाट बघत नाही. साप की दोरी, हा निकाल लागायच्या आधीच आपण मागे सरकलेलो असतो.

२००७ मध्ये मोशे बार आणि मायटल नेटा या दोन संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. रोजच्या वापरातल्या निरुपद्रवी वस्तू लोकांना दाखवल्या. काही गोलसर कडांच्या, काही टोकदार. टोकदार वस्तू बघताना अमिग्डाला जास्त जागा झाला! सुरी नाही, तलवार नाही, नुसत्या टोकदार कडा. त्याआधी, २००४ मध्ये, पॉल व्हेलन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की घाबरलेल्या माणसाच्या डोळ्यांतला फक्त पांढरा भाग, तोही अगदी निमिषभर, समोर आला तरी मेंदूतली ही घंटा वाजते. अख्ख्या चेहऱ्याची गरजच नाही.

आता आठवा, किती हॉरर पोस्टर्सवर विस्फारलेले डोळे असतात? किती ठिकाणी अक्षरांना टोकं काढलेली असतात? पोस्टर बनवणाऱ्यांनी हे रिसर्च पेपर वाचले नव्हते. त्यांना हे हातानं कळलेलं होतं, संशोधकांना ते नंतर यंत्रानं कळलं.

बर्लिनच्या भिंती

१९२० ची सुरुवात, बर्लिन. पहिलं महायुद्ध हरून जेमतेम सव्वा वर्ष झालेलं. शहरात पोस्टर्स लागली. त्यावर भूत नाही, हिरो नाही. जेमतेम एक हुकूम: तुला कॅलिगारी व्हावंच लागेल, अशा अर्थाचा. कॅलिगारी म्हणजे कोण? साबण, सर्कस की राजकीय पक्ष? कुणालाच पत्ता नाही. मग फेब्रुवारीत 'द कॅबिनेट ऑफ डॉक्टर कॅलिगारी' रिलीज झाला आणि उलगडा झाला की हे वाक्य सिनेमातलंच आहे.

आज ज्याला आपण टीझर कॅम्पेन म्हणतो आणि ज्याची एजन्सीवाले दणदणीत बिलं लावतात, ते हे. शंभर वर्षांपूर्वीचं! या सिनेमाचे सेट्स वाकडेतिकडे रंगवलेले होते. तिरक्या खिडक्या, कलंडलेल्या भिंती, सुरीसारख्या सावल्या. तोच तिरकेपणा पोस्टरवरही उतरला. सरळ रेघ म्हणजे सुरक्षितता, तिरकी रेघ म्हणजे काहीतरी पडणार, हा हॉरर डिझाइनचा पहिला धडा इथे पक्का झाला.

दोन वर्षांनी, १९२२ मध्ये, 'नोस्फेरातू' आला. त्याचे सेट्स, कपडे आणि पोस्टर्सही अल्बिन ग्राऊ या एकाच माणसाच्या डोक्यातून निघालेली. त्यामुळे पोस्टर आणि सिनेमा एकाच दुःस्वप्नातले वाटतात. आजच्या भाषेत, ब्रँडिंग एकदम टाइट!

मग हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओनं १९३१ मध्ये 'ड्रॅक्युला' आणि 'फ्रँकेन्स्टाइन' आणले, १९३२ मध्ये 'द ममी'. झगझगीत रंग, राक्षसाचा भला थोरला चेहरा, खाली छोटीशी तरुणी. ही पोस्टर्स शो संपला की टाकून द्यायची वस्तू होती. त्यामुळे आज ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरलीत. 'द ममी'चं एक पोस्टर १९९७ मध्ये लिलावात साडेचार लाख डॉलरच्या वर गेलं. २०१७ मध्ये 'ड्रॅक्युला'च्या पोस्टरनं सव्वापाच लाख डॉलरचा टप्पा ओलांडला. घाबरवण्याचा कागद, आणि किमतीनं घाबरायची पाळी आपली!

दार बंद, सॉरी

१९६० चा 'सायको' आठवा. त्याच्या पोस्टरवरची अक्षरं मधूनच चिरलेली आहेत, जणू काचेला तडा गेलाय. ही अक्षरं मुळात सिनेमासाठी नव्हतीच. रॉबर्ट ब्लॉकच्या १९५९ च्या कादंबरीच्या कव्हरसाठी टोनी पॅलाडिनो यांनी ती केली होती. हिचकॉकच्या सिनेमानं ती उचलली. कथेतला माणूस आतून दुभंगलेला आहे हे सांगायला चेहरा लागला नाही, नावच फाडलं की झालं.

पण हिचकॉकबुवा तेवढ्यावर थांबले नाहीत. पोस्टर्सवर आणि थिएटरच्या लॉबीत त्यांचा स्वतःचा फोटो लागला, घड्याळाकडे बोट दाखवणारा. सिनेमा सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडणार नाही, हा नियम! कारण साधं होतं. पोस्टरवरची स्टार जॅनेट ली सिनेमात निम्म्याच्या आतच मारली जाते. उशिरा येणारे तिला शोधतच बसले असते. पण परिणाम बघा. जिथे दार बंद करून घेतात, तिथे आत काहीतरी भयंकरच असणार, असं लोकांनी आपणहून ठरवलं. चित्रात नसलेली भीती सूचनाफलकानं आणली.

लपवा आणि कमवा

आता खरा मुद्दा. हॉरर पोस्टर्सची दोन घराणी आहेत. एक दाखवणारं, एक लपवणारं. १९६८ ते १९७९ या काळात लपवणाऱ्या घराण्यानं जी काही बॅटिंग केली, त्याला तोड नाही.

'रोझमेरीज बेबी', १९६८. कथा सैतानाच्या बाळाची. पोस्टरवर ना सैतान, ना बाळ. हिरव्या रंगात बुडालेला मिया फॅरोचा आडवा चेहरा, आणि त्यावर खडकाळ टेकाडावर एक इवलीशी काळी बाबागाडी. बस्स. बाबागाडीइतकी निरागस वस्तू दुसरी नाही. पण ती घरात किंवा बागेत हवी. एकटी, खडकावर, काळोखी कशाला? वस्तू ओळखीची, जागा चुकीची. भीती त्या चुकीत आहे.

'द एक्झॉर्सिस्ट', १९७३. डिझायनर बिल गोल्ड, ज्यांनी १९४० च्या दशकात 'कासाब्लांका'चं पोस्टर केलं होतं, तेच. सिनेमात झपाटलेली मुलगी आहे, गरगर फिरणारं डोकं आहे, हिरवी ओकारी आहे. पोस्टरवर यातलं काहीही नाही. रात्र, धुकं, रस्त्यावरचा दिवा, आणि बॅग घेऊन घरासमोर उभा असलेला एक पाठमोरा माणूस. हे दृश्य सिनेमातलंच, आणि त्यावर रेने मॅग्रिट या चित्रकाराच्या 'एम्पायर ऑफ लाइट' चित्रांची छाप आहे.

यातली खरी गंमत उजेडात आहे. आपल्या डोक्यात हिशेब पक्का असतो, अंधार म्हणजे धोका आणि उजेड म्हणजे सुटका. इथे उलटं आहे. खिडकीतून जो प्रकाशाचा झोत बाहेर पडतोय, तो त्याच मुलीच्या खोलीतला आहे. म्हणजे धोका उजेडात बसलाय आणि माणूस अंधारात सुरक्षित आहे. त्याला आत जायचंय. आपल्याला ओरडून सांगावंसं वाटतं, 'अहो फादर, नका जाऊ!' पोस्टरचं काम फत्ते.

'एलियन', १९७९. काळंभोर अवकाश, मध्यभागी एक अंडं, खाली तडा आणि त्यातून झिरपणारा हिरवट प्रकाश. सिनेमातली अंडी अशी दिसतसुद्धा नाहीत! फिलिप गिप्स यांच्या या डिझाइनला त्यांच्या पत्नी बार्बरा गिप्स यांनी ओळ दिली. अंतराळात तुमची किंकाळी कुणालाच ऐकू जाणार नाही, अशा अर्थाची. पोस्टरला आवाज नसतो, ही त्याची सगळ्यात मोठी कमजोरी. या बाईंनी तीच कमजोरी हत्यार करून टाकली.

शार्क मात्र दिसला

लपवणंच नेहमी भारी, असं म्हणायच्या आत 'जॉज' समोर येतो. १९७५. वर पोहणारी मुलगी, खालून सरळ वर येणारा अजस्र शार्क. सगळं उघड, सगळं स्पष्ट. मग तरी छातीत धस्स का होतं?

कारण इथे लपवलंय, पण आपल्यापासून नाही. तिच्यापासून! आपल्याला दिसतंय, तिला माहीत नाही. आणि आपण काहीच करू शकत नाही. शार्कचं तोंड एखाद्या बाणासारखं टोकदार, बाणाची दिशा वर, आणि मधलं अंतर अजून थोडंसं शिल्लक. तेवढं अंतर आपला मेंदू स्वतः भरून काढतो.

हे चित्र रॉजर कास्टेल यांनी कादंबरीच्या पेपरबॅक आवृत्तीसाठी रंगवलं होतं. शार्क नीट बघायला ते न्यूयॉर्कच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये गेले. पोहणाऱ्या मुलीसाठी एका मॉडेलला स्टुडिओतल्या स्टुलावर आडवं पडून हात मारायला लावलं. चित्र इतकं जमलं की सिनेमानं तेच घेतलं. मूळ पेंटिंग पुढे गहाळ झालं, ते आजतागायत सापडलेलं नाही.

आणि खरी मजा पुढे आहे. शूटिंगमध्ये यांत्रिक शार्क सारखा बिघडायचा. त्यामुळे स्पीलबर्गला सिनेमात तासाभराहून जास्त वेळ शार्क जवळजवळ लपवूनच ठेवावा लागला. म्हणजे सिनेमा लपवतोय आणि पोस्टर दाखवतंय. पोस्टरनं शार्क आधीच प्रेक्षकांच्या डोक्यात सोडला होता. म्हणून रिकामं पाणी बघूनसुद्धा लोक थिएटरात पाय वर घेत होते.

तात्पर्य काय, दाखवायचं की लपवायचं हा प्रश्नच अर्धवट आहे. कुणाला दाखवायचं आणि कुणापासून लपवायचं, हा खरा प्रश्न.

याच्या पुढची पायरी म्हणजे बघणाऱ्याला दोनदा बघायला लावणं. 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज', १९९१. बाईच्या ओठांवर पतंग बसलाय, त्याच्या पाठीवर कवटी. जवळ जाऊन बघा, ती कवटी सात विवस्त्र स्त्रियांच्या शरीरांनी बनलेली आहे. साल्वादोर दाली आणि फोटोग्राफर फिलिप हाल्समन यांच्या १९५१ च्या एका गाजलेल्या फोटोवरून घेतलेली. सिनेमा बायकांना मारणाऱ्या माणसाचा आहे. आधी न दिसलेली गोष्ट एकदा दिसली, की मग ती न दिसणं अशक्य.

आपली पांढरी साडी

आता घरी या. रंगांचा हिशेब प्रत्येक देशाचा वेगळा. हॉलिवूडची भीती काळी आणि लाल. आपल्याकडे? पांढरी! पांढरी साडी, मोकळे केस, हातात मेणबत्ती. 'बीस साल बाद' (१९६२), 'वह कौन थी' (१९६४), 'कोहरा' (१९६४) या सिनेमांनी हे रूप आपल्या डोक्यात कायमचं बसवलं. पांढरा आपल्याकडे शोकाचा रंग. पाश्चात्त्य नवरी ज्या रंगात लग्न करते, त्या रंगात आपलं भूत फिरतं. जपानमध्येही तसंच. मृतदेहाला पांढरा किमोनो, म्हणून भुतालाही तोच. १९९८ च्या 'रिंगू'मधली सादाको पांढऱ्या कपड्यांत आणि लांब काळ्या केसांत येते, तेव्हा ती अठराव्या शतकातल्या जपानी भूतचित्रांचीच पणती असते. चेहरा केसांनी झाकलेला. पुन्हा तेच, लपवा!

मग आले रामसे बंधू. कराचीत रेडिओचं दुकान चालवणारं हे कुटुंब फाळणीनंतर मुंबईत आलं. १९७२ मध्ये 'दो गज जमीन के नीचे' त्यांनी महाबळेश्वरला जाऊन, गेस्टहाउसमध्ये मुक्काम ठोकून, झटपट आणि स्वस्तात उरकला. १९८४ मध्ये 'पुराना मंदिर' तुफान चालला. पाठोपाठ 'वीराना' (१९८८), 'पुरानी हवेली' (१९८९), 'बंद दरवाजा' (१९९०).

रामसेंच्या पोस्टरवर लपवाछपवी वगैरे काही नाही. सगळं ताट वाढलेलं! वर अक्राळविक्राळ चेहरा, मागे हवेली किंवा देऊळ, चंद्र, किंचाळणारी बाई, कोपऱ्यात हिरो, आणि भलं मोठं 'ए' सर्टिफिकेट. आजच्या डिझाइन स्कूलवाल्यांना हे बघून ठसका लागेल. पण जरा थांबा. हे पोस्टर कुठे लागायचं? सिंगल स्क्रीनच्या बाहेर, एसटी स्टँडच्या भिंतीवर, दहा पोस्टर्सच्या गर्दीत. धावत्या बसमधून दिसायला हवं, वाचता न येणाऱ्यालाही कळायला हवं, आणि तिकीट आजच्या सहाच्या शोचं विकलं जायला हवं. तिथे बाबागाडी आणि धुकं ठेवून चाललं नसतं. रामसेंचं पोस्टर म्हणजे मेन्यूकार्ड होतं. काय काय मिळेल ते सगळं बाहेरच लिहिलेलं.

त्या मेन्यूकार्डातली एक डिश मात्र घशाखाली उतरत नाही. किंचाळणारी बाई जवळजवळ नेहमी अर्ध्या कपड्यांत आणि ओलीचिंब असायची. राक्षस तिच्याकडे बघतोय की आपण, हे सांगणं कठीण. भीतीच्या नावाखाली वेगळंच काहीतरी विकलं जात होतं. हा रोग एकट्या रामसेंचा नाही. 'सायको'च्या पोस्टरवरही जॅनेट ली अंतर्वस्त्रांतच आहे. पण रोग जगभर आहे म्हणून तो रोग नाही, असं थोडंच?

ही पोस्टर्स ज्या हातांच्या परंपरेतून आली, तिचं मूळ कोल्हापुरात आहे. बाबूराव पेंटर सिनेमे काढत आणि पोस्टर्सही रंगवत. त्यांच्या 'कल्याण खजिना' (१९२४) चं पोस्टर हे आज उरलेल्या सर्वांत जुन्या भारतीय सिनेपोस्टर्सपैकी एक मानलं जातं. पुढे मुंबईत दिवाकर करकरे यांच्यासारखे चित्रकार ब्रश आणि नाइफच्या फटकाऱ्यांनी चेहरे उभे करत. अर्धा गाल निळा, अर्धा लाल. होर्डिंगसाठी फोटोवर चौकटी आखायच्या, त्याच चौकटी भल्या मोठ्या कॅनव्हासवर आखायच्या, आणि परातीवर चढून भुवई रंगवायची. जवळून नुसते डाग, लांबून जिवंत डोळा! नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर आणि मग फ्लेक्स आला. आठवड्याचं काम तासावर आलं आणि या मंडळींच्या हातांना कामच उरलं नाही.

मराठीत हॉरर म्हटलं की अजूनही पहिलं नाव निघतं ते तात्या विंचूचं. 'झपाटलेला' (१९९३) कॉमेडी खरी, पण रामदास पाध्ये यांचा तो बाहुला बघून लहानपणी ज्याची बोबडी वळली नाही, त्यानं हात वर करावा! जपानी शास्त्रज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये याचं उत्तर देऊन ठेवलंय. वस्तू माणसासारखी दिसू लागली की आवडते. पण जवळजवळ माणूस, तरी माणूस नाही, अशी झाली की अंगावर काटा येतो. पोस्टरवरच्या बाहुल्या, मुखवटे आणि जरा जास्तच रुंद हसू, सगळे याच फटीत राहतात.

घानाची पिठाची पोती

ज्यांना रामसेंचं पोस्टर भडक वाटतं, त्यांनी पश्चिम आफ्रिकेतल्या घानाची पोस्टर्स एकदा बघाच. १९८० आणि ९० च्या दशकांत तिथे फिरते व्हिडिओ सिनेमे चालत. एक टीव्ही, एक व्हीसीआर, एक जनरेटर, चलो गाव. पोस्टर कुठलं आणायचं? मग स्थानिक पेंटर पिठाची पोती उसवून, त्यांचा कॅनव्हास करून त्यावर रंगवायचे. पुष्कळदा सिनेमा न बघताच! त्यामुळे मूळ सिनेमात नसलेले साप, अतिरिक्त डोकी आणि बादल्याच्या बादल्या रक्त पोस्टरवर हजर. आज हीच पोती जगभरचे संग्राहक विकत घेतात.

प्रामाणिकपणाच्या परीक्षेत हे पोस्टर नापास. भीतीच्या परीक्षेत? मेरिटमध्ये!

'हरवले आहेत'

१९९९ मध्ये 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'नं पोस्टरला पोस्टरच राहू दिलं नाही. तीन तरुण जंगलात डॉक्युमेंटरी करायला गेले आणि बेपत्ता झाले, ही सिनेमाची कथा. प्रसिद्धीसाठी वाटली गेली ती 'हरवले आहेत' छापाची पत्रकं. साधा फोटो, साधा टाइप, कुठलंही डिझाइन नसल्याचं डिझाइन. पोलीस चौकीबाहेर लागतात तशी. लोकांना खरंच वाटलं! मुख्य अभिनेत्रीच्या आईला सांत्वनाची पत्रं आली. अगदी किरकोळ खर्चात बनलेल्या या सिनेमानं जगभरात जवळजवळ २५ कोटी डॉलर कमावले.

आयडिया एकदम सही. पण तिची किंमत कुणी मोजली? भीती खरी वाटावी म्हणून त्या तीन कलाकारांना लोकांसमोर यायचीच बंदी होती. करिअरच्या सगळ्यात मोठ्या क्षणी ते 'मेलेले' होते. २०२४ मध्ये तिघांनी जाहीर पत्र लिहून आपल्या कामाचा योग्य मोबदला मागितला. पंचवीस वर्षांनी!

रस्ता कुणाचा?

आणि मग येतो तो प्रश्न, जो पोस्टरप्रेमी मंडळी सोयीस्करपणे टाळतात. सिनेमाला आपण आपल्या मर्जीनं जातो. दारावर 'ए' सर्टिफिकेट असतं, छोट्यांना आत सोडत नाहीत. पोस्टर मात्र शाळेच्या वाटेवरही असतं. त्याला बघायचं की नाही, हे आपल्याला कुणी विचारत नाही.

२००७ मध्ये 'कॅप्टिव्हिटी' या सिनेमाची होर्डिंग्ज लॉस एंजेलिसमध्ये लागली, न्यूयॉर्कच्या टॅक्सींवरही. चार चौकटी. एका तरुणीचं अपहरण, कैद, छळ आणि शेवटी मृत्यू. लोक भडकले. मुलांना शाळेत सोडताना हे बघायचं? होर्डिंग्ज उतरवावी लागली. अमेरिकेत पोस्टर्स आधी मोशन पिक्चर असोसिएशनकडून पास करून घेण्याची पद्धत आहे. इथे नापास झालेलं डिझाइनच लागलं होतं. शिक्षा म्हणून संस्थेनं त्या सिनेमाच्या रेटिंगचं कामच महिनाभर थांबवलं.

आपलं सेन्सॉर बोर्ड सिनेमाला सर्टिफिकेट देतं, भिंतीवरच्या कागदाला नाही. बंदी हवी, असं मुळीच नाही. पण 'कॅप्टिव्हिटी' आणि 'द एक्झॉर्सिस्ट' शेजारी ठेवून बघा. एकात सगळी हिंसा उघड, तरी बघून येते ती किळस. दुसऱ्यात दिवा, धुकं आणि टोपीवाला माणूस. सहा वर्षांच्या पोराला त्यात फक्त एक काका घरी आलेले दिसतील. भीती दिसेल ती मोठ्यांना. लपवणारं पोस्टर नुसतं जास्त कलात्मक नसतं, ते जास्त सभ्यही असतं. ज्याला घाबरायचंय त्यालाच ते घाबरवतं.

अंगठ्याएवढी भीती

आता तर भिंतही गेली. सिनेमा निवडायचा तो सोफ्यावर लोळत, मोबाइलवर. सत्तावीस बाय चाळीस इंचांची जागा अंगठ्याच्या नखाएवढ्या चौकोनानं घेतली. 'एक्झॉर्सिस्ट'मधलं धुकं तिथे नुसता राखाडी ठिपका होतो. 'रोझमेरी'ची बाबागाडी? भिंग आणा! नेटफ्लिक्सनं २०१६ मध्येच सांगितलं होतं की ठळक भाव असलेले चेहरे या छोट्या चित्रांत चांगले चालतात. २०१७ मध्ये तर कुठल्या प्रेक्षकाला कुठलं चित्र दाखवायचं, हेही कॉम्प्युटर ठरवतो, हे त्यांनी जाहीर केलं. म्हणजे तुमच्या स्क्रीनवरचं पोस्टर आणि तुमच्या रूममेटच्या स्क्रीनवरचं पोस्टर वेगळं असू शकतं.

फिरून फिरून आपण रामसेंच्याच भिंतीशी आलो की! गर्दी तीच, वेळ तितकाच कमी, आणि पुन्हा तोच मोठ्ठा किंचाळणारा चेहरा. फक्त आता तो ब्रशनं रंगवलेला नाही.

तरीही हार न मानणारे आहेत. २०२२ मध्ये 'स्माइल'च्या प्रसिद्धीसाठी अमेरिकेत बेसबॉलच्या मॅचमध्ये काही माणसं कॅमेऱ्यात येतील अशा जागी बसवली. काही बोलायचं नाही, हलायचं नाही, फक्त एकटक बघत हसत राहायचं. जिवंत पोस्टर! २०२४ मध्ये 'लाँगलेग्ज'वाल्यांकडे निकोलस केजसारखा स्टार होता. दुसऱ्या कुणीही त्याचं थोबाड सगळीकडे छापलं असतं. यांनी तेच लपवलं, आणि लॉस एंजेलिसच्या एका होर्डिंगवर फक्त फोन नंबर दिला. लावला की पलीकडून खुन्याचा आवाज. कॅलिगारीच्या बर्लिनपासून फॉर्म्युला तोच.

चौकट: घरबसल्या पोस्टर वाचा

पुढच्या वेळी हॉरर पोस्टर दिसलं की मोबाइल खिशात ठेवा आणि ही पाच उत्तरं शोधा.

१. उजेड कुठून येतोय? वरून आला तर नॉर्मल. खालून किंवा बंद दारामागून आला तर सांभाळा. सूर्य आणि ट्यूबलाइट वरून असतात, खालून उजेड आलेला चेहरा मेंदूला ओळखूच येत नाही.

२. रिकामी जागा किती? जितकी जास्त, तितका तुमचा मेंदू ओव्हरटाइम करतोय.

३. अक्षरं काय म्हणतायत? चिरलेली, ओघळलेली की टोकदार? नाव न वाचता नुसता आकार बघा.

४. कोण कुणाकडे बघतंय? तो तुमच्याकडे बघत असेल तर धमकी. कुणीच कुणाकडे बघत नसेल तर जास्त मोठी धमकी.

५. चुकीच्या जागी काय आहे? खडकावर बाबागाडी, ओठांवर पतंग. ती एक वस्तू सापडली की पोस्टरची किल्ली सापडली.

पाचही उत्तरं सापडली तर भीती जाईल का? अजिबात नाही. जादूगाराची ट्रिक कळल्यावर जादू संपते, पण भीतीचं तसं नाही. शार्क कागदाचा आहे, मुलगी स्टुलावर पोहतेय, हे आता तुम्हाला माहीत आहे. तरी पुढच्या वेळी समुद्रात कमरेपर्यंत पाण्यात गेलात की खाली एकदा बघालच. पैज?